वॉरंटसाहेब दोरंगी विणतात

आमच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या मोहित्यांना एक खोड आहे. समोरच्या माणसाच्या हातात, खांद्यावर किंवा काखेत जे काही बंद असेल, ते ते उघडून बघतात. पर्स असेल तर तिची चेन, डबा असेल तर झाकण, छत्री असेल तर छत्री. चोरून नाही, अगदी हक्काने. नऊ वर्षांपूर्वी ह्यांची बदली झाली आणि आम्ही चंडीगढला आलो, तेव्हा ट्रकमधून सामान उतरत होतं आणि मी जिन्यापाशी उभी होते. पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ आले. माझ्या खांद्यावरच्या पर्सची चेन त्यांनी सर्रकन उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली आणि म्हणाले, "मध्येच अडकतीय. मेणबत्ती घासा तिच्यावर." मग विचारलं, "मराठी ना?"

मी इतकी गांगरले, की आधी 'हो' म्हटलं आणि मग पर्स छातीशी धरली.

नंतर कळलं, की मोहिते हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत आणि बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलंय. पॅराशूट बांधणं. लांबच लांब टेबलावर ते कापड पसरायचं, त्याच्या दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, घडीवर घडी घालायची, पिशवीत भरायचं आणि सोबतच्या कार्डावर सही करायची. ती सही म्हणजे, हे मी बांधलंय, उघडलं नाही तर मला विचारा. त्यामुळे जगातली प्रत्येक बंद वस्तू मोहित्यांच्या लेखी संशयित. "वैनी, बांधायला काय, कुणीबी बांधतंय," ते म्हणतात. "उघडलं पाहिजे. बाकी सगळं मग."

कराडकडची बोली त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलीय, पण ती वापरायला ब्लॉकमध्ये फक्त मी आणि आमचे हे. बाकी सगळ्यांशी हिंदी. घरात हिंदी आणि पंजाबी, कारण अंबाल्याला पोस्टिंग असताना त्यांनी परमजीत नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्याच आमच्या पम्मी आंटी. ठेंगण्या, गोऱ्या, बोलण्यात ठसकेबाज. त्या नवऱ्याला आडनावाने हाक मारतात. "मोहिते!" अशी खालून हाक आली, की तिसऱ्या मजल्यावर आमचे हे उगाचच सावरून बसतात.

पम्मी आंटींचं विणकाम हा आमच्या ब्लॉकचा अभिमान. त्यातही दोरंगी विणकाम. एकाच ओळीत लाल आणि पांढरा असे दोन धागे चालवायचे, ज्याची पाळी असेल त्याचा टाका पुढे दिसतो आणि दुसरा धागा तोवर मागच्या बाजूने पळत राहतो. समोरून बघावं तर छातीवर बदकांची रांग. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, पण ब्लॉकमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या अंगावर चढलेला पहिला स्वेटर आंटींचा. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. कुणाकडे बाळ होणार असं कळलं, की आंटींना सांगावं लागत नसे. लाल-पांढरी लोकर आपोआप लॉनवर यायची.

म्हणून त्या वर्षी माझी मुग्धा पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे यायची ठरली, तेव्हा मी दुपटी शिवली, कुंची शिवली, पण स्वेटरचा विचारही केला नाही.

नोव्हेंबरात ऊन हवंहवंसं व्हायला लागलं, की ब्लॉकच्या बायका खुर्च्या घेऊन लॉनवर येतात. शेंगा, संत्री, विणकाम आणि गैरहजर असलेल्यांची चौकशी. त्या दिवशी सगळ्या जमलेल्या असताना मोहिते आले. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात दोन स्टीलचे डबे. मागून शाल पांघरून आंटी. मोहित्यांनी खुर्ची उन्हात मांडली, एक डबा डाव्या पायाशी ठेवला, एक उजव्या. झाकणांना भोकं पाडलेली होती. एकातून हिरवा धागा आला, दुसऱ्यातून पिवळा. मग त्यांनी खिशातून सुया काढल्या आणि सत्तरीतला तो माणूस ताठ बसून विणायला लागला.

शेंगा सोलणारे सगळे हात थांबले.

"पम्मी, ये क्या?" दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस गुलाटींनी विचारलं. विणकामातल्या त्या आमच्या सरन्यायाधीश.

"इनसे पूछो," आंटी शालीतून हात न काढता म्हणाल्या. "मेरी सारी सलाइयाँ ले ली हैं. कहते हैं मफलर बुनूँगा, दो रंग का."

मला चौकशा करायची सवय आहे. आमचे हे मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. मी खुर्ची सरकवत सरकवत मोहित्यांच्या शेजारी नेली. "साधं एका रंगाचं आधी का नाही शिकलात?"

"शिकलो की. पंधरा दिवस घरात तेच केलं." नजर सुईवरच. "सुलट, उलट, सुलट, उलट. त्यात काय न्हाई, ते नुसतं चालणं झालं. हे म्हणजे दोन माणसं एका दारातून जातायत."

ती दोन माणसं दारात पुरती अडकली होती. दर चार टाक्यांनी दोन्ही धाग्यांना पीळ पडायचा. बायकांना त्याचं काही वाटत नाही, त्या ओळ संपली की सोडवतात. मोहिते मात्र तिथल्या तिथे थांबायचे, डबे उचलून एकाभोवती दुसरा फिरवायचे, पीळ निघाला की पुढे. एका ओळीला वीस मिनिटं. ओळ झाली, की सुईला दोऱ्याने बांधलेल्या कार्डावर नोंद. ते कार्ड मी वाचलं: 'ओळ ९. हिरवे ४, पिवळे ४. तपासले. मोहिते.' खाली सही, पूर्ण, लफ्फेदार.

आठवड्याभरात वीतभर मफलर झाला आणि तो पाहून लॉनवर हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने कबुतरं उडाली. चौकटीची नक्षी ठरली होती, पण सगळे चौकोन दबून उभ्या काड्या झाल्या होत्या. हातात धरला की मफलर पेटीच्या भात्यासारखा आपोआप मिटायचा.

"मागचा धागा ओढून घेता तुम्ही," मी म्हटलं. मला विणकाम येत नाही, पण इतकी वर्षं त्या लॉनवर बसून तेवढं कळायला लागलं होतं. "मागे पळणारा धागा थोडा सैल सोडायचा असतो. नाहीतर तो पुढच्या टाक्यांना आवळतो."

मोहित्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विमानातून पिशवीशिवाय उडी मारायला सांगितलंय. "सैल? वैनी, बत्तीस वर्षं मी दोरी सैल सोडली न्हाई. सैल दोरी दुसऱ्या दोरीत गुंतती आणि मग वरचा माणूस खाली कसा येतोय म्हाईत हाय?"

"अहो, हा मफलर आहे."

"असंल. हाताला कुठं म्हाईत हाय?"

त्यांनी सगळा मफलर उसवला. दुसऱ्या खेपेला इतका सैल विणला, की मागे धाग्यांच्या झोळ्या लोंबायला लागल्या आणि त्यात त्यांची स्वतःची अंगठी अडकली. ती सोडवायला मिसेस गुलाटींची कात्री लागली. पुन्हा हशा. आंटीही हसत होत्या, पण शालीतून हात काढून त्यांनी एकदाही नवऱ्याच्या हातातली सुई घेतली नाही. "लाओ, मैं दिखाऊँ" असं म्हटलं नाही. याचं मला नवल वाटायला लागलं. ज्या बाईने ब्लॉकमधल्या तीन सुनांना विणायला शिकवलं, ती नवऱ्याला असं वाऱ्यावर सोडते?

मी तर्क लढवले. पहिला तर्क, नवरा-बायकोचं बिनसलंय. पण रोज दुपारी मोहिते आंटींसाठी चहा आणायचे, कप अर्धाच भरून, आणि तो स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर धरायचे. बिनसलेला नवरा असं करत नाही. दुसरा तर्क, निवृत्तीत माणसं भरकटतात. "तुझी खिडकी बंद कर," आमचे हे म्हणाले. मी केली असती, पण त्याच आठवड्यात मोहित्यांनी मला जिन्यात गाठलं.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वैनी, नव्या बाळाच्या करंगळीची जाडी किती आसंल?"

"काय?"

"करंगळी. काडेपेटीच्या काडीएवढी, का उदबत्तीएवढी?"

"काडेपेटीच्या दोन काड्यांएवढी असेल. का?"

"काही न्हाई. असंच." त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, दोन काड्या जोडून बघितल्या, मान डोलावली आणि उतरून गेले. मी जिन्यात उभीच. मफलर विणणाऱ्या माणसाला बाळाच्या करंगळीशी काय काम?

डिसेंबरमध्ये मुग्धा आली. आंटींनी तिच्यासाठी डबाभर पिन्नी, म्हणजे कणकेचे तुपातले लाडू, पाठवली. चार दिवसांनी दुपारी मी रिकामा डबा (त्यात चिवडा घालून, रिकामा कसा द्यायचा?) परत द्यायला खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या अंगणातून आंटींचा आवाज येत होता, म्हणून मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापाशी थांबले.

दोघं उन्हात बाजेवर शेजारी शेजारी बसले होते. मोहित्यांच्या हातात सुया होत्या, आणि त्यांच्यावर लाल-पांढरा इवलासा स्वेटर. बदकांची रांग अर्धी झालेली. "तीन लाल," आंटी सांगत होत्या. "अब सफेद. ढीला छोड़ो. ढीला, मोहिते." मोहिते चार टाके घालायचे, की आंटी शालीतून हात काढून ते टाके सुईवर पसरून द्यायच्या, म्हणजे मागच्या धाग्याला आपोआप जागा मिळायची. तो हात शालीतून सुईपर्यंत जाताना इतका थरथरत होता, की दोनदा चुकला. लोकरीवर टेकला, मोहित्यांनी वरून आपला तळहात ठेवला, तेव्हा थांबला. मग मोहित्यांनी विणकाम उलटं केलं आणि काडेपेटीच्या दोन काड्या जोडून मागच्या प्रत्येक धाग्याखाली घालून बघितल्या. एके ठिकाणी काड्या आत गेल्या आणि अडकल्या.

"खोलता हूँ," ते म्हणाले.

"चार लाइनें खुलेंगी."

"खुलने दो. बच्ची-बच्चा जो भी हो, उँगली फँसेगी तो?"

मी पुढच्या दारापर्यंत मागे सरले आणि चिवड्याचा डबा मुद्दाम कडीवर आपटला. मोहिते बाहेर आले. मला पाहिलं, डबा घेतला, सवयीने झाकण उघडलं, लावलं. मग दार ओढून घेऊन ओट्यावर उभे राहिले.

"बघितलं?"

"हो."

"दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका न्हाई, पण सुई आता धरवायची न्हाई." ते सरळ समोरच्या गाड्यांकडे बघत बोलत होते. "तिला कुणी बिचारी म्हटलेलं सोसत न्हाई, वैनी. गेल्या वर्षी ब्लॉकमध्ये बाळ न्हाई झालं, निभावलं. यंदा तुमच्याकडं. स्वेटर आला न्हाई तर सगळ्या विचारणार, पम्मीला काय झालं."

"मग लॉनवर तो मफलर कशाला? स्वतःचं हसं करून घ्यायला?"

"त्यासाठीच की. मी तिथं तमाशा करत बसलो, की कुणी तिच्या हाताकडं बघत न्हाई. सगळ्या सलाया माझ्याकडं, मग ती का विणत न्हाई ते विचारायचं कारणच उरत न्हाई." ते जरासे ओशाळले. "पहिला मफलर खरंच बिघडला होता. आता मुद्दाम बिघडवतो. ते मात्र लई अवघड जातंय."

मला रडू आलं आणि हसूही. मी म्हटलं, "मी काही बघितलं नाही." ते म्हणाले, "पक्का?" मी म्हटलं, "पक्का." माझ्यासारख्या बाईने पोटात गुपित ठेवणं किती कठीण असतं ते आमच्या ह्यांना विचारा. ह्यांनाही मी सांगितलं नाही.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी भर दुपारी बारसं केलं, घराच्या सगळ्या खिडक्यांतून ऊन आत घेऊन. पाळण्यावर मोराची माळ, ओटीत घुगऱ्या, आणि 'कुणी गोविंद घ्या'च्या वेळी पाळण्याखालून बाळ पलीकडे देताना ब्लॉकच्या साऱ्या पंजाबी बायका खुशीने 'गोपाल, गोपाल' म्हणत होत्या. मग आहेर. आंटी शाल पांघरून सोफ्यावर बसल्या होत्या. मोहित्यांनी त्यांच्या मांडीवर पिशवी ठेवली, मुग्धाने त्यातून स्वेटर काढला आणि सगळ्या "हाय, कितना सोणा!" म्हणून पुढे झुकल्या. लाल रंगावर पांढरी बदकं. मी मोहित्यांकडे बघायचं टाळलं.

मिसेस गुलाटींनी स्वेटर घेतला आणि सरन्यायाधीशांच्या शिरस्त्याप्रमाणे उलटा केला. मागून बघितला, ताणून बघितला, चष्मा वर केला. "पम्मी," त्या म्हणाल्या, "तेरा हाथ ऐसा तो नहीं था. ये कंधे के पास खिंच गया है. देख, बत्तख़ की गर्दन टेढ़ी."

खोलीतल्या सगळ्या नजरा आंटींकडे वळल्या. शालीखाली काहीतरी जोरात हललं.

"वो मेरी गलती है जी," मोहिते म्हणाले. दारापाशी, पुरुषांच्या घोळक्यातून पुढे येऊन. "मैंने धो दिया. गरम पानी में. सिकुड़ गया."

मग काय विचारता. एवढी वर्षं लोकांच्या चेन आणि झाकणं तपासणारा माणूस आयताच सापडला होता. गरम पाण्यात लोकर? इतनी मेहनत का सत्यानाश! पम्मीने महिनों लगाए होंगे और आपने डुबो दिया? मोहिते मान खाली घालून उभे. सहीखाली कधी एक चूक येऊ न दिलेला माणूस सगळ्यांदेखत न केलेली चूक ऐकून घेत होता आणि मिशीतल्या मिशीत समाधानाने हसत होता. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी 'पक्का' म्हणून बसले होते.

"बस!"

आंटी उठून उभ्या राहिल्या होत्या. "बस करो सब. गरम पानी में कुछ नहीं डाला इसने. ये इसने बुना है, एक-एक फंदा. मेरे हाथ नहीं चलते अब, दो साल से." आवाज ठसक्याचाच, फक्त शेवटी थोडा फाटला. "इसको लापरवाह मत बोलो. और कुछ भी बोल लो."

मिसेस गुलाटींनी हातातला स्वेटर पुन्हा उलटा केला आणि या वेळी बराच वेळ बघितला, एकेक धागा बोटाने चाचपत. "दो साल से अकेली बैठी है ये लेके?" त्या शेवटी म्हणाल्या. "मुझे तो बता देती, पगली." आणि आपली खुर्ची उचलून त्यांनी आंटींच्या सोफ्याला लावली.

मोहिते खोलीत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. ते ओट्याशी पाठ करून उभे होते.

"तिनं सांगायला नको होतं ओ," ते म्हणाले. "चांगलं जमलं होतं."

"तुम्हाला बोल लागलेला त्यांना सोसला नाही."

"मला काय होतंय बोल लागून?" त्यांनी बाहीने डोळे पुसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

बाहेरून हाक आली, "मोहिते! आ जाओ, पहना रहे हैं."

ते जागचे हलले नाहीत. "वैनी, तुम्ही बघून या. आणि मला सांगा."

"असं काय करता? चला की."

"मी आजपर्यंत एकबी उघडताना बघितलं न्हाई." त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. "आमची शेड इकडं, उड्या तिकडं. इतकी हजारो बांधली, कुणी येऊन सांगितलं न्हाई, मोहिते, तुझं उघडलं म्हणून. कुणी काही बोललं न्हाई की आपण समजायचं, उघडलं असंल. मला हे बघायची सवय न्हाई."

मला त्यांची इतकी माया आली, की मी वयाचा, नात्याचा काही विचार न करता त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर ओढत आणलं.

मुग्धाने खांद्याची बटणं काढली होती. बाळाच्या डोक्यावरून गळा उतरवायची वेळ आली, तेव्हा मोहित्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. डोकं सहज आलं. डावा हात आला, उजवा आला. बाळाने एक जांभई दिली, तेवढीच. सगळ्या बायकांनी श्वास सोडला, पण मोहित्यांचे डोळे मिटलेलेच.

मग आंटींनी शाल खांद्यावरून खाली टाकली. सगळ्यांसमोर हात लांब केला आणि मोहित्यांच्या सदऱ्याची बाही धरून ओढली. तो हात थरथरत होता, त्याबरोबर बाहीही थरथरत होती, आणि आंटींनी तो मागे घेतला नाही.

"देखो तो सही," त्या म्हणाल्या.

मोहित्यांनी डोळे उघडले. बाळाकडे त्यांनी नंतर बघितलं. आधी त्या हाताकडे बघितलं.